‘तिकडं चाळीस हजार कमी देतायत’

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाडवा तोंडावर आलाय आणि आपला पेपर उघडला की बातमी दिसायच्या आधी गाडी दिसते, परवा तर सलग दोन पानं नुसत्या गाड्याच होत्या. ‘५५,००० पर्यंत फायदे’ असं मोठ्ठं लिहिलेलं आणि त्यातलं ‘पर्यंत’ इतकं बारीक की कपाळावरचा चष्मा खाली घ्यावा लागला. म्हणून हे पत्र. मी डिसेंबरात गाडी घेतली, तीन ठिकाणी भाव केला, एका ठिकाणी खोटं बोललो आणि पकडला गेलो, ते सगळं जसं झालं तसं लिहितो. छापायचं तर छापा, लांबलं तर काटछाट करा, पण आकडे तेवढे कापू नका.

माझं कराडजवळ मलकापुरात हार्डवेअरचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. म्हणजे भाव करणं हा माझा रोजचा धंदा, फक्त काउंटरच्या आतल्या बाजूनं. गिऱ्हाईक येतं, बॉल व्हॉल्व हातात घेऊन दोनदा फिरवून बघतं आणि म्हणतं, शनिवार पेठेत वीस रुपयानं कमी मिळतोय. मी म्हणतो मग तिथनंच आणा की. मग तो हसतो आणि घेतो माझ्याकडनंच. शनिवार पेठेत तो गेलेलाच नसतो हे मला माहीत असतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत असतं. वीस रुपयात हे चालून जातं हो, गंमत म्हणून. आठ-नऊ लाखात पण हेच चालेल असं मला वाटलं, तिथं माझी चूक झाली.

गाडी तशी दसऱ्यालाच घ्यायची होती. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेदिवशी चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा टॅक्स सेस धरून २९ टक्के होता तो १८ वर आला, आणि मग शोरूमला अशी झुंबड उडाली की भाव करायचं सोडा, बसायला खुर्ची मिळेना. लेक म्हणाली पप्पा थांबा, दिवाळी होऊदे. थांबलो. नोव्हेंबरात साताऱ्याला काम होतं तेव्हा तिथल्या शोरूमला सहज गेलो, त्यांनी एक्स-शोरूम ८ लाख ४० हजार सांगितली आणि डिस्काउंट २२ हजार, व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं पेनानं ‘ऑन रोड १०.०५’, म्हणजे सगळे खर्च धरून १० लाख ५ हजार, असं लिहून दिलं. घरी आलो.

चार दिवसांनी आपल्या इथल्या शोरूमला. काचेचं टेबल, कागदी कपात ती गोड कॉफी, समोर एक पोरगं असेल पंचवीसचं, टाय जरा सैल केलेला, महिन्याची शेवटची तारीख जवळ आल्यामुळं असेल, चेहरा उतरलेला. त्यानं वीस हजार डिस्काउंट सांगितला आणि माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, अरे सातारला चाळीस देतायत. अगदी सराईतासारखं. लेक माझ्याकडं बघायला लागली कारण ती सातारला बरोबर होती. पोरगं काही बोललं नाही, माझा मोबाईल नंबर विचारला, टाईप केला आणि स्क्रीन हळूच माझ्याकडं फिरवली. माझं नाव, मॉडेल, रंग, सातारच्या भेटीची तारीख, आणि पुढं डिस्काउंट २२,०००. म्हणाला, काका दोन्ही शोरूमचे मालक एकच आहेत.

कॉफी पिऊन झालेली होती तरी मी रिकामा कप तोंडाला लावला.

पहिली गोष्ट म्हणजे हीच, जी मला दुकानदार असून माहीत नव्हती, की दोन शोरूम म्हणजे दोन डीलर नव्हेत. पाटी वेगळी, गाव वेगळं, मालक एकच असू शकतो, आणि एन्क्वायरी मोबाईल नंबरावर चढते. तुम्ही दोन ठिकाणी फिरून त्यांची स्पर्धा लावताय असं तुम्हाला वाटतं आणि तिकडं एकाच खात्यात तुमची दुसरी भेट नोंदवली जाते. म्हणून आधी विचारायचं की डीलरशिपचं नाव काय, मालक कोण, मग दुसरा खरोखर दुसरा शोधायचा. मी नंतर कोल्हापूर आणि सांगलीचे शोधले.

आणि खोटं पकडलं गेल्यावर काय होतं तेही सांगतो, कारण लोक म्हणतात काय बिघडतं, नाही तर नाही म्हणतील. तसं नाही होत. त्या पोरानं पुढचं सगळं फार नम्रपणे बोललं आणि एक रुपया खाली आला नाही. माझ्या प्रत्येक वाक्यावर त्याची मान हलायची आणि विश्वास कशावरच नव्हता. मी खरंच विचारलं की इन्शुरन्स बाहेरून काढला तर चालेल का, तरी त्याला वाटलं असणार की हा दुसरा डाव. मीही माझ्या दुकानात तसंच करतो, ज्यानं एकदा शनिवार पेठ सांगितली त्याला मी शेवटचा भाव कधीच सांगत नाही, दोन रुपये राखूनच सांगतो. म्हणजे खोट्या आकड्याचा खर्च पण गिऱ्हाईकाच्याच बिलात लागतो, फक्त तिथं तसं लिहिलेलं नसतं.

घरी आल्यावर लेकीनं तासभर माझ्याशी बोलणं टाकलं, मग म्हणाली आता मी करते ते बघा. तिनं एक व्हॉट्सॲप मेसेज लिहिला, तिन्ही ठिकाणी तोच, शब्दही न बदलता. मॉडेल अमुक, व्हेरियंट अमुक, रंग पांढरा नाहीतर ग्रे, जुनी गाडी द्यायची नाही, कर्ज आमच्या बँकेतनं, इन्शुरन्स आमचा आम्ही काढू, ॲक्सेसरीज नकोत, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेणार नक्की. आम्ही तीन ठिकाणी विचारतोय. तुमचा शेवटचा आकडा लेटरहेडवर, ओळीओळीनं फोडून द्या. तुमचा कागद आम्ही दुसऱ्याला दाखवत फिरणार नाही पण आकडा कुणी विचारला तर खरा तोच सांगू.

सांगलीवाल्यानं शेवटपर्यंत लेखी दिलं नाही, काका समोर या, बसून बोलू, तुम्हाला खूश करतो. गेलो नाही. खूश व्हायचं नव्हतं, गाडी घ्यायची होती.

आता तो ओळीओळीचा हिशेब, कारण खरी गंमत तिथं आहे. सातारच्या कार्डावर जे १०.०५ लिहिलेलं होतं ते फोडून मागितल्यावर असं निघालं. गाडी ८,४०,०००. आरटीओ १,०४,०००. इन्शुरन्स ४७,२००. हँडलिंग ६,५००. ‘एसेन्शियल किट’ १४,९००. वाढीव वॉरंटी १३,८००. फास्टॅग ६००. झाले १० लाख २७ हजार, त्यातनं डिस्काउंट २२ हजार वजा, १० लाख ५ हजार.

आरटीओ बघा. आपल्या राज्यात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला, स्वतःच्या नावावर असेल तर, टॅक्स ११ टक्के. ८ लाख ४० हजाराचे होतात ९२,४००. त्यावर नोंदणीचे ६००, बँकेचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि बाकी किरकोळ. कसंही ओढलं तरी एक लाख चार हजार होत नाहीत, शेवटी पावती आली ती साडेशहाण्णव हजाराची. वरच्या साडेसात हजाराला मी विचारलं हे काय, तर एजंट चार्जेस. नंबर प्लेट म्हणाले, तर ती एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर कंपनी-डीलरनंच द्यायची आहे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरून जी पावती निघते तेवढेच पैसे देईन म्हटल्यावर लगेच ठीक आहे म्हणाले, वाद नाही काही नाही, इतक्या पटकन की मलाच कसंतरी झालं, म्हणजे जे विचारत नाहीत त्यांचं काय?

इन्शुरन्सचं तसंच. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची पॉलिसी, तीन वर्षांची एकदम काढावी लागते, २०१८ पासून, आणि तिचा दर ठरलेला आहे, हजार ते दीड हजार सीसीला १०,६४० अधिक जीएसटी, तो कुठंही काढा तेवढाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तोच, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, तसंच, इंजिनचं संरक्षण तसंच, एकेक शब्द जुळवून मी आमच्या गल्लीतल्या एजंटकडनं घेतला तर ३४,१००. तेरा हजार शंभर रुपयांचा फरक, त्याच गाडीला. आमच्याकडनं नाही घेतला तर कॅशलेस मिळणार नाही हे प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं. कॅशलेस हे विमा कंपनीचं आणि त्या वर्कशॉपचं टायअप आहे का यावर असतं, पॉलिसी कुठल्या टेबलावर काढली यावर नाही. एजंटला वर्कशॉपचं नाव सांगून टायअप आहे का ते मेसेजवर लेखी घेतलं, संपलं. इन्शुरन्स कुणाचा घ्यायचा ते गिऱ्हाईकानं ठरवायचं असा विमा नियामकाचा नियमच आहे.

किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, एक परफ्यूमची बाटली आणि गणपती. गणपतीला नाही कसं म्हणायचं, पण म्हटलं. नको असलेली वस्तू घेतल्याशिवाय हवी ती मिळणार नाही, असं सांगणं २०१९ च्या ग्राहक कायद्यात अडवणुकीच्या व्यापारात मोडतं, आणि १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. तो लावायची वेळ आली नाही, नुसतं म्हटलं तरी किट गळालं. हँडलिंग पण गळालं. एक्स-शोरूम याचा अर्थच शोरूमच्या दारात मिळणारी किंमत, मग यार्डातनं दारात आणायचे वेगळे साडेसहा हजार कशाचे, हे एकदा शांतपणे विचारायचं, आवाज चढवायची गरज पडत नाही. वॉरंटी मात्र मी घेतली, स्वतःहून, ती मला पटली. ज्यांची गाडी दहा लाखाच्या वर एक्स-शोरूम आहे त्यांना एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरनं आधीच घेऊन भरलेला आयकर, पण लागतो, तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, त्यावर भांडण करू नये.

आता बेरीज करा. ७,५०० आणि १३,१०० आणि ६,५०० आणि १४,९००, झाले ४२ हजार. यातला एक रुपया मी घासाघीस करून कमी केलेला नाही, नुसता कागद वाचून. आणि ज्या घासाघीशीसाठी मी खोटं बोललो त्यातनं शेवटी किती मिळाले? डिस्काउंट २२ चा ३२ झाला. दहा हजार. तेही खोट्यानं नाही मिळाले, कसे मिळाले ते सांगतो.

लेखी आकडे आले तेव्हा इथल्या डीलरचा डिस्काउंट २७ हजार, कोल्हापूरवाल्याचा ३६. नऊ हजाराचा फरक. मी इथल्या त्या पोराला फोन केला, आधी म्हटलं, बाळा त्या दिवशी मी चाळीस बोललो ते खोटं होतं, आता बोलतोय ते खरं आहे, कोल्हापूरला ९ लाख ४९ हजार ऑन रोड, इन्शुरन्स आणि वॉरंटी सारखीच धरून, तुझं होतंय ९ लाख ५८. जमलं तर बघ, नाही जमलं तर नाही म्हण. तो म्हणाला थांबा काका, मॅनेजरला विचारतो. तासाभरानं फोन आला, पाच हजार उतरतील, ९ लाख ५३, याच्या खाली खरंच नाही. त्याच्या ‘खरंच’वर माझा विश्वास बसला. का बसला ते सांगता येत नाही, धंद्यात काही गोष्टी आवाजावरनं कळतात.

आणि चार हजार जास्त देऊन मी इथंच घेतली. लेक म्हणाली आता हे काय पप्पा. त्याचं असं की कोल्हापूरच्या पोरानं, त्याचंही कौतुक आहे, मी न विचारता सांगितलं होतं की काका आमची गाडी ऑगस्टची आहे, यार्डात उभी आहे म्हणून डिस्काउंट बसतोय. इथली नोव्हेंबरची होती. बनल्याचा महिना आरसीवर छापून येतो, उद्या विकताना तो बघतातच. म्हणजे नऊ हजाराचा फरक हा दोन डीलरांतला नव्हताच सगळा, थोडा दोन गाड्यांतला होता, आणि मी आकडा घेऊन नाचत होतो. शिवाय सर्व्हिसला सत्तर किलोमीटर कोण जाणार. पासिंगचा प्रश्न नव्हता, तिकडनं घेतली तरी आपल्या कराडचं एमएच-५० लागलंच असतं.

कोल्हापूरवाल्याला फोन करून ‘नाही घेत’ असं सांगितलं, कारणासकट. पलीकडनं क्षणभर काहीच नाही, मग म्हणाला, बरं झालं बघा सांगितलासा, तुमच्या नावावर गाडी अडकवून ठेवली होती, इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक दोन दिवस मागं लागलंय. मला खरंच ठाऊक नव्हतं की आपण होकार-नकार न देता गप्प बसलो की तिकडं एक गाडी आणि एक पोरगं अडकून पडतं. त्यांचा पगार तो किती, त्यात महिन्याचं टार्गेट.

एक गोष्ट आपल्या वाचकांपैकी फार जणांना माहीत नसेल म्हणून लिहितो. गिऱ्हाईक खोटं बोलतं, सेल्समन खोटं बोलतो, हे आपण धरून चालतो. पण ऑगस्ट २०२१ मधे भारतीय स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो कशासाठी, तर डीलरांनी ठरवून दिल्यापेक्षा जास्त डिस्काउंट देऊ नये म्हणून कंपनी त्यांच्यावर दबाव ठेवत होती यासाठी. प्रकरण सुरू झालं एका निनावी ईमेलवरनं, लिहिणारा स्वतःला डीलर म्हणवत होता आणि तक्रार होती मुंबई सोडून आपल्या उरलेल्या महाराष्ट्राकडच्या भागाची. आयोगाच्या आदेशात असं आहे की कंपनीनं नेमलेल्या एजन्सीची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूमला जायची, जास्त डिस्काउंट मागायची, आणि कुणी दिला की रेकॉर्डिंगसकट रिपोर्ट वर जायचा, मग डीलरला दंड आणि खाली त्या सेल्समनपर्यंत दंड. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली, त्यामुळं त्यावर मी जास्त बोलत नाही. पण विचार करा, त्या पोराच्या समोर मी बसून चाळीसची थाप मारतोय आणि त्याच्या डोक्यात काय चालू असेल, हा काका खरा आहे का पाठवलेला आहे? तेव्हापासून मला त्याच्या त्या दगडासारख्या चेहऱ्याचा राग येईनासा झाला.

बाकी खोटेपणाचे प्रकार बरेच आहेत, सगळे सांगत बसत नाही. आमच्यात एकानं जावयाचं आयकार्ड लावून कॉर्पोरेट डिस्काउंट घेतला आणि वर सगळ्या भावकीत सांगत फिरला. मलाही एका ठिकाणी सुचवलं गेलं की काका कुणाचा सातबारा मिळतो का बघा, रूरल ऑफर बसवतो. सातबारा माझ्या भावाचा आहे, मिळाला असता. नको म्हटलं, एक तर त्या कागदावर सही माझी होणार आणि दुसरं म्हणजे आधीच एकदा स्क्रीन माझ्याकडं फिरलेली होती.

आता आपल्याला विनंती, म्हणजे खरं तर यासाठीच पत्र. आपल्या पेपराची जाहिरात घेण्याची काही पद्धत असेलच. ‘पर्यंत’ हा शब्द निदान आकड्याच्या निम्म्या साईजचा तरी असावा, आणि फायद्यात रोख किती, एक्सचेंज बोनस किती, कुणाला लागू, एवढं तरी खाली वाचता येईल असं छापावं असं आपण जाहिरातदाराला सांगू शकता की नाही? एक्सचेंज बोनस ज्याच्याकडं जुनी गाडीच नाही त्याच्या काय उपयोगाचा, आणि तोच त्या ५५ हजारात सगळ्यात मोठा असतो. पाडव्याच्या पुरवणीत एका गाडीचा ऑन रोड हिशेब असा फोडून आपणच छापलात, नाव कुठल्याही कंपनीचं न घेता, तर दोन पानं जाहिराती देणारे रागावतील कदाचित, ते मला समजतं, माझाही धंदा आहे.

दिवाळीला माझ्या दुकानाची छोटी जाहिरात आपल्याकडंच असते, ‘सॅनिटरीवर २५ टक्क्यांपर्यंत सूट’ अशी. पंचवीस टक्के फक्त जुन्या रंगाच्या वॉश बेसिनवर असतात, नळांवर आठच. आपल्या इथल्या प्रतिनिधीला मी गेल्या आठवड्यात सांगितलं की यंदा सरळ बेसिन २५, नळ ८ असं छापायचं, तर तो म्हणाला, काका, मग वाचून येणार कोण?

आपला नेहमीचा वाचक,
एक हार्डवेअरवाला, मलकापूर (कराड)